केराची रेघ मागे न ठेवणारी सुपली कोणती?

झाडून झालं, केर सुपलीत ओढला, सुपली उचलली की फरशीवर तिच्या तोंडाएवढी पांढुरकी रेघ उरते. सुपली दोन बोटं मागे घेऊन पुन्हा झाडू मारला तर रेघ बारीक होते, पण जात नाही. तीन-चार वेळा हे झालं की माणूस ती झाडूनेच इकडेतिकडे पांगवतो. झाडणाऱ्याचं इथे काही चुकलेलं नसतं, चूक सुपलीच्या पुढच्या धारेत असते. म्हणून या परीक्षणात रंगाला आणि दिसण्याला गुण दिलेले नाहीत. नागपूरच्या बाजारात सहज मिळणारे चार प्रकार इथे धार, उतार, तोंडाची रुंदी आणि उन्हात टिकणं एवढ्यावरच पाहिले आहेत.

आधी रेघ का उरते ते पाहू. साध्या प्लास्टिकच्या सुपलीची धार दीड ते दोन मिलिमीटर जाड असते. हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण पिठासारख्या धुळीचा कण ०.१ मिलिमीटरच्याही आत असतो. त्याच्यापुढे ही वीसपट उंच पायरी झाली. झाडूच्या काड्या पायरीपाशी वाकतात आणि उसळी मारून वरून निघून जातात, पायथ्याची धूळ तिथेच राहते. भरीला धार मधोमध उचललेली असली तर धूळ थेट सुपलीखाली शिरते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हा त्रास दुप्पट होतो. उन्हाळी वाऱ्याने आलेली माती अगदी बारीक असते, आणि कूलरच्या ताट्यांमधलं जुनं गवत चुरून त्याची कुसळं घरभर पसरतात. खडे, कागद, संत्र्याच्या साली कोणत्याही सुपलीत जातात. सुपलीची परीक्षा या बारीक धुळीवरच घ्यायची.

पहिला प्रकार साध्या प्लास्टिकचा, पन्नास रुपयांच्या आसपास मिळणारा. बहुतेक घरांत हीच असते आणि सर्वांत जास्त निराशाही हीच करते. साच्यातून काढल्यावर प्लास्टिक सगळीकडे सारखं थंड होत नाही. जाड कडा हळू आकसतात, पातळ तळ आधी घट्ट होतो, त्यामुळे पुढची धार धनुष्यासारखी वाकते. एकाच ढिगातल्या दोन सुपल्या सारख्या नसतात, म्हणून वरची उचलून पैसे देऊ नका. दुकानाच्या काचेच्या काउंटरवर सुपली वापरताना धरतो तशी टेकवा आणि धारेखालून बिलाचा कागद सरकवून पाहा. दोन्ही टोकांना अडतो पण मध्ये आरपार जातो, अशी असेल तर दुसरी मागा. मधोमध अंगठ्याने हलकं दाबल्यावर फट बुजत असेल तर चालेल. तळावर त्रिकोणात ५ हा आकडा असला तर ती पॉलिप्रॉपिलीनची, थोडी लवचिक. ६ असला तर पॉलिस्टायरीनची. ती चकचकीत दिसते, पण पडली की कोपरा उडतो. स्वस्त काळपट सुपल्या बऱ्याचदा पुन्हा वितळवलेल्या प्लास्टिकच्या असतात. कोपरा किंचित वाकवल्यावर पांढरी शीर उमटून तशीच राहिली, तर माल कमजोर समजावा.

सुपली अंगणात किंवा गच्चीवर ठेवायची सवय असेल तर प्लास्टिकची घेऊच नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं, वर खडूसारखी भुकटी येते आणि धारेला दाते पडतात. कोरड्या हवेत आणखी एक कटकट असते. झाडू घासून प्लास्टिकवर विद्युतभार साठतो, मग सुपली उलटी केली तरी धूळ तिला चिकटून राहते. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब ओल्या फडक्यावर घेऊन सुपली पुसा आणि न धुता वाळू द्या. जो पातळ थर राहतो त्याने भार साठणं बरंच कमी होतं.

दुसरा प्रकार जस्ती पत्र्याचा, आणि माझं मत उघडपणे याच्याच बाजूने आहे. नागपूरच्या इतवारी बाजारात पत्र्याचे डबे, नरसाळी करणारे कारागीर ही सुपली तयारही देतात आणि मापाने करूनही देतात. अर्धा मिलिमीटर पत्र्याची धार प्लास्टिकच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच जाड असते, ती उन्हात वाकत नाही आणि धूळ तिला चिकटत नाही. व्हिट्रिफाइड टाइल्सवर रेघ सर्वांत कमी उरते ती हिच्यामुळेच. मात्र खराब घडण याच प्रकारात जास्त दिसते, तेव्हा तीन ठिकाणी नजर टाका.

एक, धारेची घडी. नुसता कापलेला पत्रा बोट कापतो, म्हणून कारागीर तो दुमडतात. घडी वरच्या बाजूला घातली तर धुळीपुढे बांध उभा राहतो आणि पातळ पत्र्याचा सगळा फायदा जातो. घडी खाली घालून ठोकून सपाट केलेली हवी. तशी पायरी एक मिलिमीटरची होते, पण गोलसर असते आणि झाडूच्या काड्या तिच्यावरून घसरत आत येतात. दुसरा मार्ग म्हणजे घडी न घालता धार कानशीने घासून तिचे काटे काढून घेणं. हे जास्त चांगलं काम देतं, पण घरात रांगतं मूल असेल तर घडीचीच घ्या.

दोन, मागचे कोपरे. पत्रा दुमडून नुसता रिव्हेट मारला असेल तर कोपऱ्यात सुईएवढी फट राहते आणि सुपली उचलल्यावर त्यातून बारीक माती गळते. सुपली उजेडाकडे धरा. कोपऱ्यात उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे डाग द्यायला, म्हणजे झाळून फट बुजवायला सांगा. तीन, पत्र्याची जाडी. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा कापून केलेल्या सुपल्याही मिळतात. तो पत्रा फार पातळ असतो, एकदा पायाखाली आली की धार कायमची वेडीवाकडी होते. मागच्या काठात तार घालून वळवलेली सुपली घेतली तर आकार टिकतो.

पत्र्याचा शत्रू ओल आहे. जस्ताचा थर कापलेल्या कडेवर नसतो, त्यामुळे गंज धारेपासूनच सुरू होतो. न्हाणीत, फिनाइलच्या बादलीशेजारी किंवा ॲसिडने धुतलेल्या ओल्या फरशीवर ती ठेवू नका.

तिसरा प्रकार, धारेला रबरी पट्टी लावलेली प्लास्टिकची सुपली. शहाबादी किंवा जुन्या कोटा फरशीच्या घरात हिला तोड नाही. फरशी खालीवर असली की ताठ धार दोन उंचवट्यांवर टेकते आणि मधली धूळ सोडते. रबर त्या खळग्यात वाकून बसतं. मात्र पट्टी खाचेत सरकवून बसवलेली आहे की प्लास्टिकबरोबरच ओतलेली, ते पाहा. खाचेतली पट्टी दोन उन्हाळ्यांत कडक होऊन लाटा घेते, मग प्रत्येक लाटेखालून धूळ जाते. पट्टी फार मऊ असली तर सुपली पुढे ढकलताना ती आत दुमडते आणि जाड बांध होतो. नखाने दाबून सोडल्यावर लगेच सरळ होणारी, पुढे चार-पाच मिलिमीटरच आलेली पट्टी योग्य. रबराला केस आणि तेलकट पीठ चिकटतं. स्वयंपाकघरात ही वापरत असाल तर आठवड्याला कोमट पाणी आणि साबण लागणारच.

चौथा, लांब दांडीची. कल्पना जुनी आहे: अमेरिकेत लॉइड रे यांना ३ ऑगस्ट १८९७ रोजी सुधारित सुपलीचं पेटंट मिळालं, ते लाकडी दांडा लावलेल्या, न वाकता वापरता येणाऱ्या पत्र्याच्या सुपलीचं होतं. गुडघे, कंबर दुखणाऱ्यांसाठी आजही हाच प्रकार घ्यावा, त्यावर फार चर्चा नको. दांडी ७५ ते ८५ सेंटिमीटर असावी. उचलल्यावर तोंड आपोआप वर व्हायला हवं आणि टेकवल्यावर धार पूर्ण बसायला हवी. सुपली हलकी असेल तर झाडूच्या धक्क्याने मागे सरकते, म्हणून मागे पाय ठेवायला जागा असलेली पाहा. सगळ्यात आधी मोडते ती दांडी आणि सुपली जोडणारी प्लास्टिकची खीळ. ती काढून तिथे धातूचा बोल्ट घालता येईल अशी रचना असेल तरच पैसे टाका.

आता चारही प्रकारांत हमखास दिसणारे दोन दोष, जे बनवणाऱ्यांनी सहज टाळायला हवेत. पहिला, तोंडाची रुंदी. फुलझाडू पसरला की ३० सेंटिमीटरच्या वर जातो आणि सुपली २२-२४ ची असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी केर निसटतो. ३० सेंटिमीटर रुंद तोंड आणि मागे निमुळतं अंग, असा आकार हवा. आपल्या धान्य पाखडायच्या सुपाचं तोंड असंच रुंद असतं. बुरुडांनी बांबूत जे बरोबर केलं ते साच्यात करायला काय हरकत आहे? दुसरा दोष उताराचा. धार टेकवल्यावर २५ सेंटिमीटर लांब सुपलीचा मागचा भाग तीन-साडेतीन सेंटिमीटर उचललेला असावा. सहा सेंटिमीटर झाला की खडे आणि शेंगदाण्याची टरफलं गडगडत परत फरशीवर येतात. पहिल्या पाच-सहा सेंटिमीटरचा उतार आणि त्यामागे खळगा असेल तर भरलेला केर मागे फिरत नाही. असा खळगा बाजारात क्वचितच दिसतो.

घरी असलेली प्लास्टिकची सुपली फेकण्याआधी तिची धार सुधारून पाहा. तासाभराचं काम आहे. धार वाकलेली असेल तर आधी ती सरळ करा. परातीत उकळतं पाणी घेऊन पुढचा भाग दोन-तीन मिनिटं बुडवा, लगेच सपाट फरशीवर टेकवा आणि धारेवर पाटा ठेवून अर्धा तास थंड होऊ द्या. बाक पूर्ण जात नाही, पण निम्म्याहून कमी होतो. उरलेलं काम घासण्याने होतं. ८० नंबरचा पॉलिश पेपर टाइलवर चिकटपट्टीने पक्का बसवा, सुपली नेहमीच्या कोनात धरा आणि धार त्यावर चाळीस-पन्नास वेळा पुढेमागे घासा. कोन बदलू देऊ नका, कारण तुमच्या हाताच्या कोनातच ती फरशीला बसायला हवी. नंतर वरच्या बाजूने कानशीने उतरती करत धार अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणा. त्याहून पातळ केली तर प्लास्टिकचे धागे सुटतात. शेवटी २२० नंबरच्या कागदाने गुळगुळीत करा.

फरशी खडबडीत असेल तर याच्यापुढे जाऊन सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावा. पट्टी ३० मिलिमीटर रुंद कापा, आतली पावडर साबणाने धुऊन टाका. बहुतेक जण पट्टी सुपलीच्या खालून लावतात आणि इथेच चुकतात, कारण मग धुळीपुढे प्लास्टिकची पायरी पुन्हा उभी राहते. पट्टी वरून लावा, ट्यूबचा मुळातला बाक खाली वळलेला ठेवा आणि पुढे पाच मिलिमीटर सोडा. आत आलेली धूळ पट्टीवरून सुपलीत उतरते, आणि पट्टीची मागची कड तिला परत येऊ देत नाही. गोंदाच्या नादी लागू नका. पॉलिप्रॉपिलीनला घरातला कोणताच गोंद नीट धरत नाही. ३ मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट, वॉशर घालून, दर चार सेंटिमीटरवर मारा. ते धारेपासून २० मिलिमीटर मागे हवेत. तिथे सुपलीचा तळ फरशीपासून पावणेतीन मिलिमीटर वर असतो, म्हणून रिव्हेटची टोपी घासत नाही. दहा मिलिमीटरवर मारलेत तर टोपी टेकेल, धार उचलली जाईल आणि सगळी मेहनत फुकट जाईल.

पत्र्याची सुपली मापाने करून घेणाऱ्यांनी कारागिराला एवढं सांगावं: जस्ती पत्रा अर्धा मिलिमीटर, तोंड ३० सेंटिमीटर, लांबी २५, मागची भिंत ६, बाजूच्या भिंती पुढे उतरत्या पण धारेपर्यंत आलेल्या, धारेची घडी खालून, मागच्या काठात तार, कोपऱ्यांना आतून डाग. मुठीला भोक मागायला विसरू नका आणि सुपली खिळ्याला टांगूनच ठेवा. भिंतीशी धारेवर उभी केलेली सुपली, मग ती कितीही चांगली असो, स्वतःच्याच वजनाने आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाने वाकते, आणि फरशीवर रेघ पुन्हा दिसू लागते.