वेस्ट सिस्टम १०५ इपॉक्सी आणि २०९ हार्डनर: पावसाळ्यानंतर शिडाची बोट तयार करणाऱ्यांसाठी

मुंबईत ज्यांची शिडाची बोट आहे त्यांना आधीच सांगते, सीझनच्या आधी पैसे घालायचेच असतील तर नवीन दोऱ्या, नवीन ब्लॉक (दोरीच्या कप्प्या) हे सगळं नंतर, आधी चांगलं इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळलं की कडक होणारा डिंक, घ्या आणि घेताना हार्डनरचा नंबर नीट बघा. वेस्ट सिस्टमचं १०५ रेझिन एकच असतं पण त्याच्याबरोबर हार्डनर वेगवेगळे येतात, २०५ फास्ट, २०६ स्लो, आणि २०९ एक्स्ट्रा स्लो. आपल्या हवेला २०९. परदेशातले व्हिडिओ बघून बरेच जण २०५ मागवतात, ते थंड देशातल्या गॅरेजसाठी ठीक आहे, ऑक्टोबर हीटमध्ये भर दुपारी कुलाब्याच्या किनाऱ्यावर नाही.

आपलं गणित तिकडच्यापेक्षा उलटं आहे ना. तिकडे हिवाळ्यात बोटी झाकून ठेवतात, आपल्याकडे पावसाळ्यात. कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मासेमारीला निघतात पण आपल्या छोट्या बोटी ऑक्टोबरच्या आसपासच पाण्यात उतरतात, म्हणजे जूनपासून चार महिने ताडपत्रीखाली दमट हवेत पडून असतात. माझी एंटरप्राइझ जातीची छोटी शिडाची बोट आहे, जॅक होल्टने १९५६ साली डिझाइन केलेली, सव्वातेरा फुटाची, निळ्या शिडाची, आपल्याकडे भरपूर दिसते. फायबरची असली तरी आत जिथे जिथे प्लाय घातलाय तिथे स्क्रूच्या भोकातून ओल शिरते. सगळ्यात जास्त मार बसतो तो मागच्या फळीला, जिथे सुकाणूचे गजन (सुकाणू अडकवायच्या धातूच्या कड्या) बसतात, आणि सेंटरबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मधून पाण्यात सोडायच्या फळीच्या, केसला खालच्या कडेने.

गजनचं काम या इपॉक्सीने कसं होतं ते सविस्तर सांगते कारण पैसे वसूल होतात ते इथेच. स्क्रू काढायचा, भोकातून काळपट ओला भुसा आला तर समजायचं की प्लाय कुजायला लागलाय. भोक मोठ्या ड्रिलने पाडायचं, कुजलेलं सगळं बाहेर, आणि मग सुकू द्यायचं. इथे घाई अजिबात नको, झाकणं, बुच सगळं उघडं ठेवा, टेबलफॅन लावा, ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे ते वापरा. ओल्या लाकडावर कुठलंच इपॉक्सी नीट धरत नाही. सुकलं की आधी नुसतं पातळ मिक्स ब्रशने आतल्या लाकडात मुरवायचं, मग त्याच मिक्समध्ये ४०६ सिलिका किंवा ४०३ मायक्रोफायबर ही घट्ट करायची पावडर घालून श्रीखंडासारखं घट्ट करून भोक भरायचं. पूर्ण सेट झालं की मधोमध स्क्रूच्या मापाचं नवीन भोक. आता स्क्रूच्या भोवती लाकूड नाहीच, कडक इपॉक्सी आहे, त्यामुळे ओल शिरायला वाटच राहत नाही.

मिक्सिंगसाठी कंपनीचे पंप येतात, सेटमध्ये तीन असतात, ते नक्की घ्या. २०५, २०६ ला मापाने पाचास एक आणि २०९ ला तीनास एक असं प्रमाण आहे, पण योग्य पंप लावला की रेझिनचा एक पूर्ण दाब आणि हार्डनरचा एक पूर्ण दाब, बस. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, आपले फायबरवाले पॉलिस्टर रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट (ते सेट करणारं द्रव्य) थोडं वाढवून काम लवकर उरकतात, ती सवय इथे चालणार नाही. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातलं तर लवकर सेट होत नाही, उलट मऊ राहतं, आणि मग सगळं खरवडून काढा. कामाला माणूस लावला असेल तर हे त्याला आधी समजावून सांगा.

वेळेचं असं आहे की २२ डिग्रीला २०६ कपात साधारण २० ते २५ मिनिटं टिकतं आणि २०९ ४० ते ५०. तापमान १० डिग्री वाढलं की हा वेळ अंदाजे निम्मा होतो. म्हणजे ३२ डिग्रीला २०६ ने दहा-बारा मिनिटंच मिळतात, तेवढ्यात सेंटरबोर्डच्या केसची एक बाजूसुद्धा होत नाही. जास्त मिक्स उभ्या कपात ठेवलं तर आपल्याच उष्णतेने तापून धुमसायला लागतं, म्हणून पसरट ट्रेमध्ये ओता. लाकडावर पहिला हात संध्याकाळी मारा, हवा थंड होत असताना, नाहीतर लाकडातली हवा बाहेर येऊन बुडबुडे धरतात.

दमट हवेत सेट झाल्यावर वर मेणचट थर येतो. तो थिनरने पुसत बसू नका, साध्या पाण्याने आणि स्कॉचब्राइटने निघतो, मग कोरडं करून ८० नंबरचा पॉलिशपेपर. हे न करता वर रंग मारला तर रंग सुटणारच.

आता उणी बाजू. महाग आहे, आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळत नाही, मागवावंच लागतं. विमानाच्या बॅगेतून कोणाला आणायला सांगू नका, हार्डनर करोसिव्ह मालात मोडतं. उन्हात उघडं राहिलं तर खराब होतं, वर रंग किंवा यूव्हीवालं व्हार्निश लागतंच, आणि त्यावर नेहमीचं पॉलिस्टर जेलकोट (फायबरच्या बोटीचा वरचा चकचकीत थर) भरवशाने धरत नाही, टू-पॅक, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा, पॉलियुरेथेन रंग बरा. ग्लोव्हज नायट्राइलचे घाला, एकदा कातडीला ॲलर्जी बसली की कायमची बसते.

नुसते जेलकोटचे ओरखडे असतील तर एवढा खर्च करू नका, जेलकोटच लावा, स्वस्तात होईल. फायबरचा मोठा पत्रा नव्याने टाकायचा असेल तरी पॉलिस्टर परवडतं. पण जुन्या फायबरला नवीन तुकडा जोडायचा असेल किंवा लाकडाचं काम असेल तर पॉलिस्टरची पकड कमी पडते, तिथे मी इपॉक्सीच सांगेन.

इपॉक्सी सुकेपर्यंत मास्ट (डोलकाठी) आडवी ठेवून शराउडवरून, म्हणजे तिला बाजूंनी धरणाऱ्या तारांच्या दोरावरून, जुना सुती फडका फिरवा, धागा अडकला तर तिथे तार तुटलीय, ती शराउड बदला. शिडं गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. रेझिन उरलं तर पंप डब्यावर तसेच राहू द्या, पुढच्या वर्षी चालतात, आणि हार्डनर लालसर झालेलं दिसलं तरी टाकून देऊ नका, ते वापरता येतं.