सील बदलल्याचे पैसे घेतले, बोल्टला पानाही लावला नाही

ट्रॅक्टरच्या क्लच हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लच झाकणाऱ्या खोक्याच्या, तळाला एक भोक असतं आणि त्यात कॉटर पिन (दुमडलेल्या तारेची खीळ) सैल लोंबकळत असते. ट्रॅक्टर हादरला की पिन हलते, त्यामुळे भोक चिखलाने बुजत नाही. आत तेल शिरलंच तर ते क्लचला न भिजवता खाली पडून जावं, एवढंच त्याचं काम. माझ्या जुन्या मॅसी फर्ग्युसन 135 ला तिथूनच तेल ठिबकत होतं आणि मिस्त्रीने मला गंडवलं तेही त्याच भोकावर.

तिथे येणारं तेल दोनपैकी एका ठिकाणचं असतं: इंजिनच्या मागच्या सीलचं (सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी कडी) किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनकडून फेरा आत नेणाऱ्या दांड्याच्या सीलचं. काळं असेल तर इंजिनचं, असं सगळे सांगतात. पण नुकतंच बदललेलं इंजिन ऑइलही पिवळंच दिसतं. त्यापेक्षा पातळी बघावी. माझ्या इंजिनचं तेल जागेवर होतं, गिअरबॉक्सचं उतरत होतं. 135 मध्ये गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल, त्यामुळे मागची अवजारं उचलणारी लिफ्टही कुरकुरायला लागली होती.

मिस्त्री म्हणाला, "शाफ्टचं सील गेलंय, ट्रॅक्टर मधोमध, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर खोलावा लागेल." निदान खरं होतं, म्हणूनच शंका आली नाही. सील किरकोळ किमतीचं, पैसा सगळा मजुरीत. ट्रॅक्टर परत आला तो धुऊन-पुसून चकाचक, खाली थेंब नाही. फडक्यात गुंडाळलेलं जुनं सीलही त्याने हातात ठेवलं. इतका चोख माणूस!

पुढे नांगरताना क्लच घसरायला लागला. इंजिन बोंबलतंय, चाक ओढत नाही आणि जळका वास. खाली वाकून पाहिलं तर पिन गायब, भोकात सिलिकॉनचा बोळा. स्क्रू ड्रायव्हरने तो उकरला तशी तेलाची धारच लागली.

मग बोल्ट पाहिले. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या एकाही बोल्टचा जुना रंग तडकलेला नव्हता, कडेची माती तशीच घट्ट. दुसऱ्या मिस्त्रीने खरोखर खोललं तेव्हा आत मूळचं सील कडक होऊन बसलेलं. हातात दिलेलं 'जुनं सील' त्या शाफ्टवर सैल फिरत होतं. कुठल्या मशीनचं होतं देव जाणे. या मिस्त्रीने खोलण्याआधीच गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट, तपासला होता. तो पूर्ण बुजलेला. तेल तापलं की आतली हवा फुगते, वाट मिळाली नाही की सीलवर जोर येतो. सीलबरोबर क्लच प्लेटही बदलावी लागली, कारण प्लेटवरचं तेल प्यायलेलं लाइनिंग (घर्षणाचा थर) धुऊन भरवशाचं होत नाही.

पहिल्याला जाब विचारला तर म्हणे, "जुनं मशीन आहे, गळणारच."

असं काम देताना जोडावरच्या दोन-तीन बोल्टवर, डोक्यापासून हाऊसिंगपर्यंत रंगाची रेघ ओढून ठेवा. खोललेल्या अवस्थेतला, फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) दिसेल असा फोटो मागा. शक्य असेल तर त्या वेळी स्वतः जा. ट्रॅक्टर घरी आला की आधी खाली वाकून पिन हलवून पाहा. भोक कोरडं आहे, बाहेर कुठे ओल नाही आणि गिअरबॉक्सची पातळी तरी उतरतेय, तर ते भोक मोकळं केल्याशिवाय ट्रॅक्टर कामाला लावू नका.