दसऱ्याला घेतलेली नवी गाडी गेल्या वर्षीची निघाली

आधी आकडे सांगतो, म्हणजे ‘एवढं काय झालं’ विचारणाऱ्यांचं समाधान होईल. शोरूमला दिले ११,५७,००० रुपये. वरून सेल्समनला यूपीआयनं २५,०००. ऑर्डर होती लाल गाडी, काळं छत, कंपनीतूनच दोन रंगांत रंगवून आलेली, २०२५ ची. घरी आली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये बनलेली साधी लाल गाडी, छतावर बाजारातला काळा रॅप, म्हणजे रंगासारखी दिसणारी प्लास्टिकची फिल्म, चिकटवलेली. तीही दसऱ्याला, हार-पेढ्यांसकट.

शोरूमचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पुण्यातलं मोठं, काचेचं, एसी शोरूम, एवढं पुरे. माझं गाव तिथून दोन-अडीच तासांवर. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण कुणीतरी ती काढणारच: मी पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रं तपासतो. दुसऱ्यांच्या सातबाऱ्यातली खाडाखोड पकडणं हेच माझं काम. ऑफिसात हे ऐकवायची संधी कुणी सोडत नाही.

गाडी कधी घ्यायची यावर आमच्या घरात वर्षभर चर्चा चालली होती. पाडव्याला घ्यावी तर मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. डिसेंबरात सूट मिळते, पण डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारीत एका वर्षानं म्हातारी होते. यार्डातली तयार गाडी घ्यायची नाही, हे मात्र माझं ठरलं होतं. डीलर कंपनीकडून गाड्या उधारीवर उचलतो, गाडी उभी असेपर्यंत त्याच्यावर व्याज चढत असतं. त्यामुळे ‘सर, ही रेडी आहे, आज घेऊन जा’ असा आग्रह होतो तेव्हा तो तुमच्या सोयीसाठी नसतो. दहा वर्षं वापरायची तर आपल्या मनासारखी मागवू, दोन-तीन महिने थांबू, असा माझा विचार होता. तो आजही मला चुकीचा वाटत नाही.

जुलै २०२५ मध्ये ११,००० टोकन देऊन बुकिंग केलं. ‘ऑर्डर पंच केली सर, इंडेंट कंपनीला गेलं.’ म्हणजे गाडीची मागणी कंपनीकडे नोंदवली. हे शब्द इतक्या सहज फेकले जातात की आपल्याला वाटतं तिकडे कारखान्यात आपल्या नावाचा पत्राच कापायला घेतला. कुठलं काय! बुकिंगची नोंद कंपनीच्या सिस्टीममध्ये झाली की सहसा ग्राहकाच्या मोबाइलवर कंपनीकडून मेसेज येतो. मला आला होता तो शोरूमचा, शोरूमच्याच नावानं. तुम्ही बुकिंग कराल त्याच आठवड्यात कंपनीच्या कस्टमर केअरला स्वतः फोन करून ‘माझ्या नावावर कुठला व्हेरियंट, कुठला रंग’ हे विचारा. आणि बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचा. किंमत बुकिंगच्या दिवसाची धरत नाहीत, बिलाच्या दिवसाची धरतात.

मग १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि बाजार थंडावला. छोट्या पेट्रोल गाड्यांवर तेव्हा २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता. तो २२ सप्टेंबरपासून सरसकट १८ टक्के झाला. मध्ये पितृपक्ष. २१ तारखेला सर्वपित्री अमावास्या, २२ ला घटस्थापना आणि नवे दर, सगळं एकदम. महिनाभर ओस पडलेल्या शोरूममध्ये त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. माझ्या गाडीची एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत आली: दोन रंगांची ९,७४,९००, साधी ९,५४,९००. फरक फक्त छताच्या रंगाचा, २०,००० रुपये.

इथे सेल्समनचा फोन आला. ‘सर, वेटिंग एकदम वाढलंय, तुमची आता डिसेंबरवर जाते. पण एका कस्टमरचं लोन अडकलंय, सेम व्हेरियंट, सेम कलर. त्याचं अलॉटमेंट तुमच्याकडे वळवतो. यार्डवाल्यांचं बघावं लागेल, पंचवीस.’ दिले. लाच दिली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपण गॅसच्या सिलिंडरपासून रेल्वेच्या बर्थपर्यंत कुठे कुठे काय दिलंय ते आठवावं. आईचं वय ऐंशीच्या पुढे, तिला दसऱ्याला दारात गाडी बघायची होती. पैसे त्याच्या स्वतःच्या नंबरवर गेले, पावती अर्थातच नाही. शोरूमच्या खात्याबाहेर एक रुपयाही पाठवू नका. ‘कॅशियर जेवायला गेलाय’ म्हणाले तर तो येईपर्यंत बसून राहा.

बाकी बिल नेहमीचंच. रोड टॅक्स ११ टक्क्यांनी १,०७,२३९. इन्शुरन्स ४६,८००, तोच ऑनलाइन तीस-बत्तीस हजारांत दिसत होता. डीलरकडूनच विमा घ्यायची सक्ती नसते, हे मला माहीत होतं. पण ‘बाहेरून घेतलात तर दसऱ्याची डिलिव्हरी अवघड’ असं म्हटल्यावर माणूस काय करणार? अ‍ॅक्सेसरी किट १८,५००, हँडलिंग ६,५००. यातलं बरंच भांडून कमी करता येतं, पण हातात मुहूर्त असलेला माणूस भांडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आणि आता ती संध्याकाळ. २ ऑक्टोबर, दसरा. शोरूमबाहेर लाल कापडाखाली गाड्यांची रांग, प्रत्येक कुटुंबाला पंधरा मिनिटं. कापड ओढा, नारळ फोडा, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात धरून फोटो काढा, पुढचे. माझा मेहुणा म्हणाला, ‘दाजी, चासी नंबर बघू का?’ सेल्समन हसला. ‘सर, पासिंग झालंय, कागद सगळे फाइलमध्ये आहेत, आता फोटो घ्या.’ मी मेहुण्याला गप्प केलं. चार लोकांसमोर किरकिर नको म्हणून.

मग मी ड्रायव्हरचं दार उघडलं. वरच्या रबराच्या आत, जिथे छत वळून खाली येतं, तिथे बोटभर लाल पट्टी दिसत होती. स्वच्छ, चकचकीत लाल. काळ्या छताच्या गाडीत तिथे लाल कशाला असेल? बायकोनंही विचारलं, ‘इथे लाल का आहे हो?’ आणि मी, कागदातली खाडाखोड भिंगाशिवाय ओळखणारा माणूस, तिला म्हणालो, ‘आतल्या बाजूला रंग वाचवतात कंपनीवाले.’ हे उत्तर मी कुठून आणलं ते मला आजही कळत नाही. सेल्समन शेजारीच उभा होता. त्यानं मान डोलावली. मान डोलावली! मीच माझी फसवणूक पूर्ण करून दिली आणि त्याला तोंडही उघडावं लागलं नाही. ती बोटभर पट्टी मला रात्री दिसते. नखानं खरवडलं असतं तरी कड सुटली असती. पण मागून पेढ्याचा बॉक्स पुढे आला, आई ‘आधी देवाला ठेव’ म्हणाली, आणि दार बंद झालं.

रोड टॅक्सची पावती मोबाइलवर आली होती. त्यात कोटेशनपेक्षा दोन हजारांहून अधिक रक्कम कमी होती. म्हणजे नोंदणी साध्या गाडीच्या किमतीवर झाली होती. पावती उघडली, ‘भरला’ एवढं बघितलं आणि बंद केली. कमी पैसे भरलेले दिसले की कुणी तक्रार करतं का?

दिवाळीनंतर गाडी धुवायला दिली. सेंटरवरचा पोरगा प्रेशरचा पाइप थांबवून म्हणाला, ‘काका, रॅप कुठं केला? कडंला उचललाय.’ चार-पाच हजारांत होतं म्हणे हे काम. मी त्याला ‘कंपनीचाच रंग आहे’ म्हणून वर दोन शब्द सुनावले. त्यानं शांतपणे अँटेनाच्या बुडापाशी कोपरा उचलून दाखवला. खाली लाल.

घरी येऊन फाइल काढली. फॉर्म २१, म्हणजे डीलरचं विक्री प्रमाणपत्र, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं: १०/२०२४. आरसी पोस्टानं आली, तिच्यावरही तेच, आणि रंगाच्या रकान्यात नुसतं लाल. चासी नंबर सतरा अक्षरी असतो. बहुतेक गाड्यांत दहावं अक्षर वर्षाचं, २०२४ ला इंग्रजी ‘आर’, २०२५ ला ‘एस’. माझ्यात ‘आर’. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायर २०२४ चे. एवढं सगळं गाडीवरच लिहिलेलं होतं! गाडी वर्षभर कुठल्यातरी यार्डात ऊन-पाऊस खात उभी होती, कुणी घेत नव्हतं. नवरात्रातल्या गर्दीत ती माझ्या गळ्यात मारली. त्याच महिन्यात, त्याच शोरूमच्या कोपऱ्यात २०२४ च्या गाड्यांवर ६५,००० सूट असा बोर्ड होता. छताचे २०,०००, कराचा फरक २,२००, सेल्समनचे २५,००० आणि ही सूट. एकूण १,१२,२००.

गाडी बघायची ती बिलिंग आणि पासिंगच्या आधी, दिवसाउजेडी, यार्डात जाऊन. तुमच्या नावावर नंबर पडला की गाडी परत घेणं विसरा. शेवटचा चेक चासी नंबरचा फोटो हातात आल्यावर द्या. माझ्या बँकेनं ७,५०,००० थेट शोरूमला पाठवले तेव्हा गाडी कुठली हे बँकेला ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

आता यंत्रणांची गंमत ऐका. शोरूमचा मॅनेजर: ‘तो मुलगा आता आमच्याकडे नाही. पर्सनल यूपीआयशी आमचा संबंध नाही.’ आणि छत? ‘कस्टमरनं नंतर रॅप केला असेल.’ म्हणजे मीच! कंपनीचं कस्टमर केअर: डीलर हा स्वतंत्र व्यवसाय आहे, आम्ही तुमची भावना त्यांच्यापर्यंत पोहोचवू. भावना! माझ्या गावच्या पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, गाडी पुण्यात घेतली, तिकडे जा. पुण्यातल्या ठाण्यात म्हणाले, पैसे गावातून पाठवले, तिकडे जा, आणि तसंही हे सिव्हिल मॅटर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे, हे मी वहीतून वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, ‘वकील आहात का?’ शेवटी अर्जावर शिक्का मिळाला. शिक्का तेवढा छान गोल उमटला.

आरटीओत तर कळस झाला. नव्या तयार गाड्यांची नोंदणी डीलरच ऑनलाइन करतो, गाडी आमच्यासमोर येतच नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या. ‘फॉर्म २० वर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, सही कुणाची?’ माझी. ‘मग?’ डिलिव्हरीच्या आधी कागदांच्या गठ्ठ्यावर पेन्सिलीच्या फुल्यांवर सह्या करून घेतल्या होत्या, सगळ्यांच्याच घेतात, हे मी सांगायला लागलो तर त्यांनी आरसी बघितली आणि चष्मा वर केला. ‘आरसीवर लाल आहे आणि छत काळं? परवानगीशिवाय रंग बदलला म्हणून तुम्हालाच दंड होईल.’ शोरूमनं फसवलेला माणूस तिथून आरोपी होऊन बाहेर पडला! मी पायऱ्यांवर बसून एक चहा घेतला आणि कुणाच्या नावानं शिव्या द्यायच्या ते ठरवू शकलो नाही, यादीच मोठी होती.

रॅप अजून काढलेला नाही, तोच पुरावा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर काही दुरुस्त करू नका, आधी तारखेसकट फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे तक्रारीचा क्रमांक घ्या. नंतर कामी येतो. ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते, दहा ते वीस लाखांच्या खरेदीला फी फक्त ४०० रुपये आहे, आणि २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची.

पहिल्या तारखेला शोरूमच्या वकिलानं मुदत मागितली, दुसऱ्या तारखेलाही. मधे नव्या सेल्स मॅनेजरचा फोन आला होता: तक्रार मागे घ्या, ‘गुडविल’ म्हणून लेदरची सीट कव्हरं फ्री बसवून देतो. मी म्हटलं, लेखी पाठवा. अजून पाठवलेलं नाही.