तीन बाय पाचचं रबरी पायपुसणं आणि आमच्या गल्लीतला काळा चिखल: आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या मे महिन्याच्या शेवटी घेतलेलं रबरी जाळीचं मोठं पायपुसणं आता आठ महिने आमच्या दारात आहे. अख्खा पावसाळा, महालक्ष्म्यांची गर्दी, दिवाळी आणि आताची कोरडी धूळ, सगळं त्याच्यावरून गेलं. घ्यायच्या आधी मी बरंच शोधलं, पण "छान आहे, मजबूत आहे" यापलीकडे कुणी काही लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर नागपुरात, बेसा रोडच्या पुढे, लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वस्तीत. मोठा रस्ता सिमेंटचा झाला, आमच्या गल्लीत अजून मुरूमच आहे आणि दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामे. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसात त्या प्लॉटमधली काळी माती गल्लीत उतरते. काळ्या मातीतून जो चालला आहे त्याला सांगायला नको, दहा पावलांत चपलेखाली दुसरी चप्पल तयार होते. बेसॉल्टच्या काळ्या दगडापासून झालेली ही माती पाणी पोटात घेऊन फुगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच डिंकासारखी धरून ठेवते. मुरमाचा लाल चिखल पाय आपटला की बराचसा पडतो. काळ्या मातीचा गारा खरवडावाच लागतो.

आधी आमच्याकडे नेहमीचं सुती पायपुसणं होतं, सोळा बाय चोवीस इंचाचं. जुलैत ते अर्ध्या तासात ओलं व्हायचं आणि मग पाय पुसायच्या ऐवजी पायाला चिखल लावायचं. नंतर काथ्याचं आणलं. नारळाच्या सोडणाचा राठ धागा, दिसायला सुंदर, धूळ फार छान झाडतो. पण काळा गारा त्या धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसला आणि वाळल्यावर सिमेंटसारखा घट्ट झाला. पाण्याने धुतलं तर चार-चार दिवस वाळेना, खालून बुरशी धरली आणि कुबट वास यायला लागला. मग मधला मार्ग म्हणून दोन सुती पायपुसणी आलटून पालटून टाकत राहिले.

रबरी जाळी घ्यायच्या आदल्या वर्षीचा ऑगस्ट. सासूबाई देवळातून आल्या, दाराशी पाय पुसले, आत पहिलं पाऊल टाकलं आणि ओल्या व्हिट्रिफाइड टाइलवर घसरल्या. मनगटाला प्लास्टर, तीन आठवडे. त्यांनी पाय पुसले होते हे मी स्वतः पाहिलं होतं. त्या दिवसापासून ही गोष्ट मी दहा मिनिटांत उरकायची खरेदी म्हणून बघणं बंद केलं.

घ्यायच्या आधी एक काम केलं, ते प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. एका पावसाच्या दिवशी सकाळी दारापासून पोर्चपर्यंत आणि आत हॉलमध्ये सहा फुटांपर्यंत रद्दीचे पेपर अंथरले आणि संध्याकाळी ठसे बघितले. दोन गोष्टी कळल्या. पहिली, कुणीच थांबून पाय पुसत नाही. मुलगा तर सायकल लावून एका ढांगेत पायपुसणं ओलांडतो. दूधवाला, कुरिअरवाला, मी स्वतः भाजीच्या पिशव्या घेऊन आल्यावर, सगळे चालत चालतच येतात. दुसरी, गाडी डाव्या बाजूला लागते म्हणून आम्ही सगळे दारात तिरपे शिरतो. मधोमध ठेवलेल्या पायपुसण्यावर आमचा फक्त उजवा पाय पडत होता. आतल्या पेपरवर चौथ्या पावलापर्यंत चिखल होता.

तेव्हा ठरवलं की पायपुसणं एवढं मोठं हवं की नुसतं चालत गेलं तरी दोन्ही पाय त्याच्यावर नक्की पडतील. आपल्या चालीला ते साधारण पाच फूट होतात. रुंदीला दार साडेतीन फुटांचं, म्हणून तीन फूट ठीक. आणि बाहेर खरवडणारं एक, आत पाणी शोषणारं एक, अशी दोन लागणार. एकच मॅट दोन्ही कामं करते असं दुकानदार सांगतात, आमच्या मातीत तरी ते झालं नाही.

इतवारीत दोन दुकानं आणि सीताबर्डीत एक पालथं घातलं. बाहेरसाठी गोल भोकांची रबरी जाळी घेतली, तीन बाय पाच फूट, जवळपास पाऊण इंच जाड. २,१०० रुपये. आतसाठी उभ्या रेघांची, खाली रबर असलेली पॉलिप्रॉपिलीनची मॅट, दोन बाय चार फूट, ७५० रुपये. नूडल मॅट म्हणतात ती प्लास्टिकच्या वेटोळ्यांचीही पाहिली. ती हलकी असते, धूळ चांगली धरते, पण तिला पाठ लावलेली असली तर गारा आतच अडकतो आणि बोटांनी काढत बसावं लागतं.

शेजारच्या काकू रिक्षातून उतरताना बघून म्हणाल्या, "एवढं मोठं कायले आणलं वं? लग्न आहे का घरी?" जुलैत त्यांनीच फूटपट्टी मागून नेली.

पहिले तीन आठवडे मात्र त्रास झाला. मे महिन्याच्या ४५ अंशांत काळं रबर दारात टाकलं की टायरच्या दुकानासारखा वास घरात येतो. मी ते धुऊन, साबण लावून, गच्चीवर ठेवलं, तरी वास जायला पाऊस पडावा लागला. उन्हात त्याच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, चटका बसतो. घ्यायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्येच घेऊन गच्चीवर पडू द्यावं.

पाऊस सुरू झाला आणि काम दिसायला लागलं. चपलेचा तळवा भोकांच्या कडेवर घासतो, गाऱ्याचा गोळा सुटून भोकातून खाली पडतो आणि वरची बाजू मोकळी राहते. पुढचा माणूस त्याच चिखलात पाय देत नाही. सुती आणि काथ्याच्या पायपुसण्यांत हाच फरक पडत होता, तिथे चिखलाला जायला जागाच नव्हती.

चौथ्या दिवशी पहिल्यांदा उचललं. खाली भोकांच्या आकाराच्या काळ्या वड्या, ओळीने, एकसारख्या, जणू साच्यातून काढल्या आहेत. फडा आणि सुपडी घेऊन झाडल्या, एका घमेल्यात अर्ध्यापर्यंत भरल्या. हे सगळं आधी आमच्या हॉलमध्ये येत होतं. कामाला येणाऱ्या ताई दिवसातून दोनदा फरशी पुसायच्या आणि तिसऱ्या बादलीचं पाणीही गढूळ निघायचं. जुलैपासून एकदा पुसून भागलं. त्यांचा अर्धा तास वाचला, आणि पगार तेवढाच ठेवला हे सांगायला हवं, कारण कामाचा वेळ वाचला की लगेच पैसे कापणारेही पाहिले आहेत.

मोठी अडचण वजनाची. कोरडी असताना ही जाळी साधारण तेरा किलो भरते, ओली आणि गाऱ्यासकट तर एका माणसाचं काम नाही. ताई पहिल्याच वेळी म्हणाल्या, "ताई, हे उचलनं माह्याच्यानं एकटीनं नाही होत." बरोबरच होतं त्यांचं. आता मी आणि मुलगा मिळून उभी करतो, भिंतीला टेकवून पाइपने पाणी मारतो. पुन्हा घ्यायची झाली तर तीन बाय अडीच फुटांच्या दोन घेईन आणि शेजारी शेजारी टाकीन. जागा तेवढीच भरते, धुवायला एकट्या बाईला जमतं.

दुसरी अडचण मला दुकानात सुचायला हवी होती. प्लास्टर निघाल्यापासून सासूबाई काठी घेऊन चालतात. काठीचं रबरी टोक या भोकात बरोबर अडकतं. पहिल्याच आठवड्यात त्या अडखळल्या, मी बाजूला होते म्हणून सावरलं. त्यांच्यासाठीच एवढा खटाटोप केला आणि त्यांनाच धोका, हे फार लागलं मनाला. कठड्याच्या बाजूने सव्वा फुटाची जागा सोडून तिथे खडबडीत टाइलची पट्टी बसवून घेतली, त्या तिथूनच येतात. घरात काठी, वॉकर किंवा लहान मूल असेल तर बारीक भोकांचीच जाळी घ्या.

दाराखालची फटही मोजून जा. आमचा जाळीचा दरवाजा बाहेर उघडतो, पण बाहेरची पायरी उंबरठ्यापेक्षा सहा इंच खाली आहे म्हणून पाऊण इंचाची जाळी आडवी आली नाही. काकूंकडे उंबरठा आणि ओसरी एका पातळीत, त्यांना पातळ मॅट घ्यावी लागली. आतल्या बाजूने मीच चुकले. पहिली आणलेली मॅट जाड होती, दार तिच्यावर घासून अर्ध्यातच थांबायचं. बदलून आणावी लागली. जाड पुठ्ठा दाराखालून सरकवून बघितला असता तर ती फेरी वाचली असती.

आतल्या मॅटबद्दल तक्रार फक्त रंगाची. काळा चिखल दिसणार नाही म्हणून काळा रंग घेतला. पण ही माती वाळली की राखेसारखी करडी होते आणि काळ्यावर उठून दिसते. करडा किंवा मातकट तपकिरी रंग घ्यायला हवा होता. ही मॅट ओली असताना घासू नका, गारा आत जिरतो. वाळू द्या, उलटी करून काठीने झोडपा, सगळं भुगा होऊन पडतं. आणि तिच्याखालची फरशी आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. खाली बारीक धूळ साचली की रबरी पाठसुद्धा टाइलवर सरकते.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला चाळीस माणसं आली आणि बाहेर भुरभुर पाऊस. तेव्हा कळलं की मोठं पायपुसणं दिसलं की लोक त्याच्यावरच चपला काढतात. पंधरा मिनिटांत पाच फुटांपैकी चार फूट चपलांनी भरले. सतरंजी टाकून पोर्चच्या दुसऱ्या टोकाला चपलांची वेगळी जागा केली, मग ठीक झालं. रांगोळीची जागाही गेली आहे. ती आता तुळशीपाशी काढते, सासूबाईंना अजून ते पटलेलं नाही, आणि मलाही उंबरठ्याबाहेरची रांगोळी आठवते.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाळीखाली वाणी आणि गोम खूप निघाल्या, एकदा विंचवाचं पिल्लू. रिकाम्या प्लॉटच्या शेजारी राहत असाल तर थेट हात घालून उचलू नका, आधी काठीने कड वर करा.

रबर अजून जसंच्या तसं आहे. एका कोपऱ्यात दोन भोकांमधली कड फाटली, ती स्कूटरचं स्टँड पडून. नोव्हेंबरपासून चिखल नाही, नुसती धूळ, त्यामुळे जुनं काथ्याचं पायपुसणं स्वच्छ करून पुन्हा आतल्या बाजूला टाकलं आहे. कोरड्या दिवसांत त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

माझ्या माहेरी, काटोलकडे, वावरातून आल्यावर पाय खरवडायला दाराशी एक धारेचा दगड गाडलेला होता. बाबा त्याच्यावर जोडा घासल्याशिवाय ओसरीवर चढत नसत. मागच्या आठवड्यात वेल्डिंगवाल्याकडून तशीच एक लोखंडी पट्टी करून घेतली, फूटभर लांब, बोटभर उंच, आणि पायरीच्या बाजूला सिमेंटमध्ये बसवली. साडेतीनशे रुपये लागले. सायकल तिथेच लागते, त्यामुळे मुलाला ती ओलांडून जाता येणार नाही. जूनमध्ये बघू.