लिंकनसमोर केनेडी की पेनीवर ‘व्होट्स फॉर विमेन’? ठसा मारलेलं नाणं घेण्याआधी

अमेरिकेत एडिसनला मुलीकडे असताना तिथल्या जुन्या बाजारात मला एका डबीत बारा सेंट (डॉलरच्या शंभराव्या हिश्श्याची नाणी) मिळाले. आपल्या जुन्या स्टीलच्या चार आण्यांएवढी तांब्याची नाणी. प्रत्येकावर उजवीकडे पाहणारा लिंकन आणि त्याच्या समोर, मागाहून ठोकलेला केनेडीचा इवलासा चेहरा. अख्ख्या डबीचे पाच डॉलर. त्याच टेबलावर एक काळं पडलेलं मोठं नाणंही होतं, आपल्या दहाच्या नाण्याहून किंचित मोठं. त्याच्यावर ठोकलेलं होतं ‘डॉ. जी. जी. विल्किन्स’. त्या एकट्याचे नव्वद डॉलर. दोन्ही तांब्याचे सेंट, दोन्हींवर टांकसाळीबाहेर कुणीतरी मारलेला ठसा. मग किमतीत एवढा फरक का? घरच्या डब्यात असं नाणं सापडलेल्या किंवा नव्यानं हा छंद धरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी केनेडीवाली नाणी. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ ला झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत ही नाणी भेटवस्तूंच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. सोबत लिंकन आणि केनेडी या दोन राष्ट्राध्यक्षांमधले योगायोग सांगणारं एक छापील कार्ड असे: लिंकन १८६० ला निवडून आले, केनेडी १९६० ला, दोघांनाही शुक्रवारी गोळी लागली, दोघांच्या जागी आलेल्यांचं आडनाव जॉन्सन. याच घराण्यातले आणखी प्रकार म्हणजे एखाद्या राज्याच्या नकाशाची बाह्यरेषा, फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींचा गुण्या-कंपास, पाइप ओढणारा लिंकन. विकणाऱ्यानं बँकेतून रोलच्या रोल सेंट आणायचे, ठसा मारायचा, कार्डावर चिकटवायचे. हे नाणं ठसा मारल्यावर बाजारात फिरलंच नाही, ते थेट कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये गेलं. म्हणून आजही ही नाणी मुबलक आहेत आणि सुट्या नाण्याला एक-दोन डॉलरच्या वर देऊ नये. मूळ कार्ड शाबूत असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही. कार्ड गेलं की त्या वस्तूतली अर्धी गोष्ट गेली.

विल्किन्सचं नाणं वेगळ्या कुळातलं. अमेरिकेत १७९३ ते १८५७ पर्यंत सेंट मोठा होता, शुद्ध तांब्याचा. न्यू हॅम्पशायरमधल्या पिट्सफील्डचा हा दंतवैद्य आपलं नाव अशा सेंटवर ठोकून तो व्यवहारात परत सोडायचा. किराणावाल्याकडून गाडीवानाकडे, गाडीवानाकडून आणखी कुणाकडे, असं नाणं गावोगाव फिरे आणि जाहिरात फुकट होई. ‘व्होट द लँड फ्री’ हा ठसा तर १८४० च्या दशकातल्या जमिनीच्या राजकारणातली घोषणाच. चांगल्या अवस्थेतल्या त्या नाण्याला काही शे डॉलर सहज पडतात.

इंग्लंडमध्ये हे प्रकरण आणखी रंगलं. राणीच्या नाण्यावर नावं-अक्षरं ठोकणं १८५३ च्या कायद्यानं गुन्हा ठरलं. तेव्हा पेअर्स साबणाच्या जाहिरातवाल्यांनी फ्रान्सची दहा सांतीमची नाणी धरली, कारण ती तिथे पेनी म्हणून सर्रास चालायची आणि त्यांच्यावर राणी नव्हती! आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, महायुद्धाच्या जरा आधी, मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या बाजूच्या कुणीतरी पेनीवरच्या राजा सातव्या एडवर्डच्या चेहऱ्यावर एकेक अक्षराचा पंच (ठसा उमटवायचा पोलादी खिळा) ठोकून ‘व्होट्स फॉर विमेन’ लिहिलं. त्यातली १९०३ ची एक पेनी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पेनी इतकी हलक्या किमतीची की ती शोधून परत घेणं कुणाला परवडणारं नव्हतं, हे ठोकणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. राजाच्या गालावर हातोडी चालवणाऱ्या त्या हाताबद्दल मला फार आदर वाटतो.

आपल्याकडच्या वाचकाला यात परकं काही वाटायचं कारण नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली. एका राजानं दुसऱ्याला हरवलं, याचा पुरावा त्या ठशातच आहे. तो ठसा काढून टाकला तर उरतं नुसतं नहपानाचं नाणं.

ठशाची किंमत ठरते ती इथे. तो कुणी मारला, का मारला आणि मारल्यावर ते नाणं लोकांच्या हातातून गेलं का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळत असतील तरच खिशात हात घाला. केनेडीच्या नाण्याची पहिली दोन उत्तरं ‘विकण्यासाठी’ या एका शब्दात संपतात आणि तिसरं ‘नाही’ असतं.

आता पारख. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. ठसा हातोडीनं बसला असेल तर नाणं उलटं केल्यावर नेमकं त्या जागेमागे धातू सपाट झालेला दिसतो. ते दिसलं नाही, तर प्रश्न विचारायला सुरुवात करा. मग ठशाच्या आत बघा. दीडशे वर्षं जुन्या काळ्या नाण्यावरच्या अक्षरांच्या तळाशी तांबं लालसर चकाकत असेल, तर तो ठसा परवाचा आहे. नाणं गुळगुळीत झिजलेलं आणि अक्षरांच्या कडा मात्र ब्लेडसारख्या, हेही संशयाचं लक्षण. पूर्ण नाव एकाच पंचात कोरलेलं असेल तर ते व्यापाऱ्यानं मुद्दाम करवून घेतलेलं असण्याची शक्यता जास्त. एकेक अक्षर ठोकलेलं नाव कुणीही गॅरेजमध्ये बनवू शकतो. ‘व्होट्स फॉर विमेन’च्या बनावट पेन्या बाजारात आहेत त्या याचमुळे. त्या नाण्याच्या बाबतीत कागदपत्रं नसतील तर मी हात लावणार नाही, स्वस्तात मिळालं तरी. किंबहुना स्वस्तात मिळालं तर नक्कीच नाही.

केनेडीवाल्या नाण्यांचं वजन करून पाहा. १९८२ आधीचा तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅमचा, नंतरचा जस्ताचा आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा दिलेला, २.५ ग्रॅमचा. जस्ताच्या नाण्यावर ठसा मारला की मुलामा फाटू शकतो आणि तिथून करडं खरवडलेलं जस्त डोकावतं. असं नाणं साठ-सत्तरच्या दशकातलं म्हणून कुणी विकत असेल तर ते मुकाट्यानं परत द्या. आणखी एक, ठशाखालचं साल वाचायला विसरू नका. १९०९ चा ‘एस’ (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळ) खुणेचा, ‘व्हीडीबी’ ही शिल्पकाराची आद्याक्षरं असलेला सेंट फक्त ४,८४,००० पाडला गेला होता. त्याच्यावर गंमत म्हणून कुणी नकाशा ठोकला असेल तर किंमत वाढलेली नसते, एक दुर्मिळ नाणं जखमी झालेलं असतं.

आणि कृपा करून घासू नका. देवघरातल्या ताम्हनाला चिंच-मीठ लावतो तसं यांना लावलं की तो काळपट थर जातो, आणि खरा ठसा ओळखायचा पुरावा त्या थरातच असतो.

मग घ्यायचं काय? नातवंडांना नाण्यांची गोडी लावायची असेल तर केनेडी आणि नकाशेवाली नाणी उत्तम. हातातून पडली, हरवली तरी जीव हळहळत नाही. अमेरिकेत चलनासाठी सेंट पाडणं नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबलं, म्हणून ही नाणी आता महागतील असं काही विक्रेते सांगतात. त्याला भुलू नका, अब्जावधी सेंट अजून बरण्यांत पडलेत. छंदावर वर्षाला शंभर डॉलर खर्च करायची तयारी असेल, तर शंभर गमतीची नाणी घेण्यापेक्षा नाव-गाव माहीत असलेलं एक घ्या.

मी दोन आठवडे विचार केला आणि परत जाऊन विल्किन्स घेतला. पाकिटावर कुठे, कधी आणि कितीला घेतला ते पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. केनेडीची डबी नातवाकडे आहे. बारापैकी नऊ उरलीत.