मुंबई–नागपूर: विमान, समृद्धी की रात्रीची गाडी?

माझं माहेर नागपूरचं, सासर डोंबिवलीचं. या वाटेवर तिन्ही प्रकारे जाऊन झालंय. त्यामुळे "दीड तासात नागपूर" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुठून कुठपर्यंत?

अंतरच बघा. दोन शहरांमध्ये सरळ रेघ ओढली तर सुमारे ६८० किलोमीटर. सीएसएमटी ते नागपूर रेल्वेने ८३७, कारण गाडी मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच. तिथून घरापर्यंतचं अंतर आणि कोंडी वेगळी धरा.

विमानाच्या तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही आलाच. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो आणि परतीच्या विमानाला कधीकधी आकाशात घिरट्या घालत थांबावं लागतं. माझा खरा हिशेब असा: डोंबिवली ते विमानतळ दीड तास, आत दीड तास, उड्डाण दीड तास, सामान अर्धा तास, आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून माहेरी अर्धा तास. झाले साडेपाच तास. अंधेरीला राहणाऱ्याचा यातला तासभर सहज वाचेल.

समृद्धीचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आमणे ते नागपूर आठ तास सांगतात. मुलं बरोबर असली, दोनदा थांबलात, तर दहा धरा. टोल एप्रिल २०२५ च्या दराने मोटारीला किलोमीटरमागे २.०६ रुपये, म्हणजे एका बाजूने साधारण १,४५० रुपये. चौघं असाल तर पेट्रोल धरूनही, दिवाळीच्या दिवसांत तर नक्कीच, विमानापेक्षा स्वस्त पडतं. पण सरळसोट, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर दगा देतात. ३० जून आणि १ जुलै २०२३ च्या मधल्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. त्यानंतर आमच्या घरात ठरलंय, समृद्धीवर रात्री गाडी काढायची नाही. पहाटे निघा, टायरची हवा तपासा, दोघं चालवणारे असा.

रात्रीचा प्रवास करायचाच असेल तर रेल्वे. दुरांतो सीएसएमटीहून सव्वाआठच्या सुमारास सुटते आणि अकरा तासांच्या आसपास पोहोचवते. कल्याण-डोंबिवलीकरांना मात्र विदर्भ एक्सप्रेस सोयीची, कारण ती ठाणे आणि कल्याणला थांबते. वेळ जास्त लागतो, पण तो झोपेत जातो. अमरावतीला जायचं असेल तर बडनेऱ्याला उतरा, नागपूरपर्यंत जाऊन मागे येण्यात अर्थ नाही. ही गाडी पुढे गोंदियाला जाते, तेव्हा नागपूरला उतरायचं असेल तर वर्ध्यालाच सामान आवरायला घ्या.

एकट्याला कामासाठी जाऊन त्याच दिवशी परतायचं असेल तर विमानाला पर्याय नाही. आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तेव्हा तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा. आईबाबांना इकडे आणायचं असलं की मी मात्र विदर्भचीच खालची बर्थ शोधते. बाबांना सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहणं झेपत नाही, आणि शेगाव स्टेशन आलं की आईला खिडकीतून हात जोडायचे असतात.