ड्रॉप शेप टेन्शिओमीटर घ्यावा का? दीड वर्ष वापरून झाल्यावर लिहितेय

आमच्या लॅबमध्ये गेली दीड वर्षं ड्रॉप शेपवालं मशीन आहे. म्हणजे सुईच्या टोकाला थेंब लटकवायचा, मागून एलईडी, समोरून कॅमेरा, आणि थेंबाच्या आकारावरून सॉफ्टवेअर सरफेस टेन्शन, म्हणजे द्रवाचा पृष्ठताण, काढून देतं. ओळखीतल्या दोन-तीन जणांनी विचारलं घ्यावं का म्हणून, तर एकदाच नीट लिहून टाकते. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण जे सांगायचंय त्यातलं बरंचसं कुठल्याही मेकच्या मशीनला लागू पडतं.

आमचं काम फवारणीच्या औषधांचं, त्यातही स्टिकर-स्प्रेडरचं, म्हणजे औषध पानावर चिकटवणाऱ्या आणि पसरवणाऱ्या द्रावणांचं जास्त. कांद्याच्या पातीवर नाहीतर कोबीच्या पानावर साधं पाणी टाकून बघा, मोत्यासारखे गोल थेंब होतात आणि घरंगळून खाली जातात, शेतकऱ्याचं औषध मातीत. पाण्याचं सरफेस टेन्शन २० डिग्रीला ७२.८ डाईन पर सेंटीमीटर असतं (आता मिलिन्यूटन पर मीटर म्हणायचं, आकडा तोच, पण आमच्याकडे सगळे अजून डाईनच म्हणतात), त्यात चांगला सिलिकॉनवाला स्प्रेडर ०.१ टक्का घातला की २१-२२ पर्यंत खाली येतं आणि तेच पाणी पानावर सपाट पसरतं. हा फरक रोज मोजणं हेच माझं काम.

आधी आमच्याकडे रिंगवालं होतं. प्लॅटिनमची रिंग द्रावणातून वर ओढून किती जोर लागतो ते मोजायचं. रिंग प्रत्येक सॅम्पलला धुवा, ज्योतीवर लाल करा, जरा वाकली की रीडिंगचा भरवसा गेला, आणि प्रत्येक वेळी बीकर भरेल एवढं सॅम्पल लागायचं. सिंथेसिसवाले दोन ग्रॅम नवीन सर्फॅक्टंट (साबणासारखं टेन्शन कमी करणारं रसायन) बनवून द्यायचे आणि म्हणायचे सगळ्या कॉन्सन्ट्रेशनला करून दे, कुठून करणार? आता थेंबाला २०-२५ मायक्रोलिटर पुरतात. सिरिंज आणि ट्यूब धुवून घ्यायला धरलं तरी एक-दोन मिलीत काम होतं. नुसत्या एवढ्या एका गोष्टीसाठी मी मशीनला चांगले मार्क देईन.

तत्त्व सोपं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. वजन थेंबाला खाली ओढतं, सरफेस टेन्शन त्याला गोल ठेवायला बघतं, या ओढाताणीत थेंब पेरूसारखा नाही, नासपतीसारखा होतो, वर बारीक खाली फुगीर. त्या वळणाचं गणित यंग आणि लाप्लास यांनी १८०५-०६ मध्येच मांडलं होतं, पण ते कागदावर सुटत नाही, म्हणून बॅशफोर्थ आणि अ‍ॅडम्स यांनी हाताने आकडेमोड करून १८८३ साली कोष्टकं छापली. १९३८ मध्ये अँड्रियास, हाउझर आणि टकर यांनी युक्ती काढली, थेंबाचा फोटो घ्यायचा, सगळ्यात रुंद जागी रुंदी मोजायची, तेवढंच अंतर तळापासून वर जाऊन तिथली रुंदी मोजायची, दोन्हींचं गुणोत्तर काढून टेबलात बघायचं. मी हे आमच्या एका फोटोवर प्रिंट काढून पट्टीने करून बघितलं, खरंच जवळपास तेच उत्तर येतं! १९८३ मध्ये टोरांटोच्या नॉयमन यांच्या ग्रुपने अख्खी कडाच कॉम्प्युटरवर फिट करायची पद्धत आणली, आजची सगळी मशीनं त्याच वाटेवरची.

आता जिथे आमचे नाकी नऊ आले ते सांगते. पावसाळ्याच्या तोंडावर ट्यूब बदलली, सुईचं नवीन पाकीट उघडलं, आणि सकाळी चेक म्हणून शुद्ध पाणी लावलं तर रीडिंग ५८.७. लॅब २५ डिग्रीला, म्हणजे ७२ यायला हवं. पाणी कमी दाखवलं की पहिला संशय घाणीचा, कुठेतरी साबण किंवा सर्फॅक्टंट राहिलं असणार. मग काय, सिरिंज, ट्यूब, व्हॉल्व्ह, सगळं आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग गरम पाण्याने, मग परत आयपीए, लॅबमधले मामा बिचारे डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणून आणून दमले. दोन दिवस. रीडिंग ५८.७ च्या ५८.७. सर्व्हिसला फोन केला तर म्हणे मॅडम पाणी बदलून बघा.

तिसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं हेक्झाडेकेन लाव, म्हणजे शुद्ध तेलासारखा एक हायड्रोकार्बन द्रव. त्याचं २७ यायला हवं, आलं २२. इथे माझी ट्यूब पेटली, कारण साबणाचा अंश पाण्याचं टेन्शन पाडतो, हेक्झाडेकेनचं आधीच इतकं कमी असतं की नेहमीचं सर्फॅक्टंट त्याला काही करू शकत नाही. आणि ५८.७ भागिले ७२ करा, २२ भागिले २७ करा, दोन्हीकडे ०.८१. म्हणजे घाण नाहीच, मोजपट्टी चुकलेली. सुई काढून स्क्रू गेजमध्ये धरली तर १.८३ मिलीमीटर. पाकिटावर लिहिलेलं १६ गेज, म्हणजे १.६५, आणि सॉफ्टवेअरला मी तेच सांगितलेलं. पाकिटात निघाली १५ गेजची. फोटोतल्या सुईची रुंदी बघूनच मशीन पिक्सेलचे मिलीमीटर करतं, आणि टेन्शन लांबीच्या वर्गावर जातं, त्यामुळे लांबी दहा टक्के चुकली की उत्तर वीस टक्के चुकणार. तेव्हापासून प्रत्येक सुई आली की आधी स्क्रू गेज आणि डबीवर मार्करने व्यास, गेज नंबर कोणी बघतच नाही.

हे मशीन खरंतर टेन्शन मोजतच नाही. ते फोटो मोजतं, बाकी सगळं तुम्ही टाईप केलेल्या आकड्यांवर. डेन्सिटीचंही तेच. हवेत पाण्याचा थेंब असेल तर ०.००५ चा फरक म्हणजे अर्धा टक्का, चालून जातं. पण आयएफटी (इंटरफेशियल टेन्शन, दोन द्रवांच्या सीमेवरचं टेन्शन) करताना, म्हणजे पाण्यात तेलाचा थेंब, तिथे डेन्सिटीतला फरक लागतो. टोल्युईन आणि पाणी यांच्यात तो जेमतेम ०.१३ असतो, त्यात ०.००५ चुकलं की उत्तर सरळ चार टक्क्यांनी हललं. त्यामुळे आयएफटी करणार असाल तर चांगला डेन्सिटी मीटर पण बजेटमध्ये धरा, हे कुठलाही सेल्सवाला सांगत नाही. तेल हलकं म्हणून थेंब वर जातो, त्यासाठी हुकासारखी वळलेली सुई येते, ती आमच्याकडे वेगळी विकत घ्यावी लागली. थेंब पण पाण्याच्या थेंबापेक्षा तीन-चार पट मोठा करावा लागतो, नाहीतर गोल राहतो आणि गोल थेंबातून काही कळत नाही, फिट जुळतं पण आकडा दर फोटोला नाचतो. थेंब सुटायच्या बेतात असतो तेव्हाच रीडिंग सगळ्यात भरवशाचं.

इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र ठेवणारं रसायन) घातला आणि आयएफटी एकच्या खाली गेलं की मात्र या मशीनचा नाद सोडा, थेंब थांबतच नाही, धाग्यासारखा वर निघून जातो. त्याला स्पिनिंग ड्रॉप, म्हणजे नळीत फिरवलेला थेंब, लागतो, बर्नार्ड व्हॉनेगट यांनी १९४२ मध्ये काढलेली पद्धत, ते मशीन वेगळं, खर्च वेगळा.

जागेचंही बघा. शेजारी कॉम्प्रेसर चालू झाला की आमचा थेंब थरथरायचा, शेवटी कडप्प्याची जाड लादी रबराच्या तुकड्यांवर ठेवली आणि मशीन त्यावर, तेव्हा शांत झाला. कॅमेरा सरळ आहे की नाही ते बघायला सुईच्या जागी बारीक ओळंबा लटकवते, दोन मिनिटांचं काम. एसीचा झोत थेंबावर आला की पाणी उडून जातं आणि सर्फॅक्टंट घट्ट होत जातं, म्हणून थेंब नेहमी क्युवेटमध्ये (छोट्या पारदर्शक डबीत), तळाला थोडं पाणी घालून. आणि वेळ! सर्फॅक्टंटला पृष्ठभागावर पोचायला वेळ लागतो, पातळ द्रावणात पाच-दहा मिनिटं आकडा खाली खाली येत राहतो. पहिल्या सेकंदाचं रीडिंग घेऊन रिपोर्टवर सही करणारे लोक मी बघितलेत, प्लीज नका करू. उलट हा उतरता ग्राफ हीच या मशीनची कमाई आहे, रिंगवर हे इतक्या सहज कधी दिसलं नव्हतं.

सॉफ्टवेअरवर नाराज आहे. एका कॉम्प्युटरला एक डोंगल (लायसन्सची यूएसबी चावी), आणि फिट कसं केलं ते आत बघताच येत नाही, फक्त आकडा. म्हणून शंका आली की तोच फोटो मी ओपनड्रॉप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते, फुकट आहे, मेलबर्नच्या लोकांनी बनवलेलं. इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरला पण पेंडंट ड्रॉपचं (लटकत्या थेंबाचं) प्लगइन आहे, तेही फुकट. कॉलेजवाल्यांनी तर कॅमेरा, चांगली लेन्स, एलईडीसमोर दुधी अ‍ॅक्रिलिक आणि सिरिंज पंप एवढ्यावर सुरुवात करावी, शिकायला आणि पाण्या-तेलाच्या साध्या मापांना पुरेसं आहे. आमच्यासारखं दिवसाला तीस सॅम्पल असतील तरच मशीनचे लाखो रुपये घाला.

पाचपैकी चार देते, एक मार्क डोंगल आणि त्या पाकिटासाठी कापला. डेमोला जाल तेव्हा त्यांचं पाणी चालवून घेऊ नका. स्वतःची हेक्झाडेकेनची बाटली, तुमचं सगळ्यात त्रासदायक सॅम्पल आणि खिशात स्क्रू गेज घेऊन जा, सुई तुमच्या हाताने मोजा आणि मगच पाणी लावायला सांगा.